माझ्या पश्चात इंजिनात कोणता कॅम बसवावा

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

आधी या वहीची माफी मागते. नऊ मार्चनंतर इथे एक अक्षर लिहिलेलं नाही. शेवटची नोंद आहे, ‘पिस्टन रिंगच्या फटीबद्दल पुन्हा विचार करणे.’ विचार केला. सात महिने केला. लिहून ठेवण्यासारखं काही निघालं नाही, आणि ‘आजही काही ठरलं नाही’ असं रोज लिहिणं मला वहीचा अपमान वाटला. कदाचित अपमान माझाच होत होता आणि मी वहीचं नाव पुढे केलं.

आज लिहायला कारण मिळालं आहे. परवा, गुरुवारी, माझं पित्ताशय काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, यात कोणी मरत नाही. मग त्यांनी सहीसाठी एक फॉर्म दिला, त्यात ‘मृत्यू’ हा शब्द तीन वेळा होता. मी मोजला. वाचनालयातून एक पत्रक आणलं आहे. स्वतःच्या हाताने लिहिलेलं, तारीख घातलेलं आणि सही केलेलं मृत्युपत्र चालतं असं त्यात म्हटलं आहे. साक्षीदार असले तर बरं, आणि साक्षीदाराच्या वाट्याला मृत्युपत्रातून काही येत नसेल तर आणखी बरं. दुसरी कोरी वही घरात नाही, म्हणून इंजिनाच्या याच सहाव्या वहीत लिहिते.

मी, टेरेसा ॲन हॅच, पूर्वाश्रमीची लुबान्स्की, वय शेहेचाळीस, राहणार ओवोसो, मिशिगन, गावाच्या पाणीपुरवठा खात्यात पाण्याचे नमुने तपासण्याची नोकरी करणारी, हे पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. एक पित्ताशय सोडलं तर माझे सर्व भाग आपापल्या जागी बसलेले आहेत. माझ्या इंजिनाबद्दल मला असं म्हणता येत नाही. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. नवरा दोनदा दारात येऊन ‘सूप करू का’ विचारून गेला, ते मी दडपण धरत नाही.

कलम १. घर, त्यातलं सामान आणि बँकेतली शिल्लक माझा नवरा कर्टिस हॅच याला मिळावी. अट एकच. जेवणाच्या खोलीच्या कोपऱ्यात जो क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, उभा आहे, तो उभाच राहावा. क्रँक आडवा ठेवला तर स्वतःच्या वजनाने वाकतो, असं आमच्याकडे सगळे मानतात. मी हे कधी मोजून पाहिलेलं नाही, पण मानते. कर्टिस त्याच्यावर टोपी अडकवतो, आणि डिसेंबरात रंगीत दिव्यांची माळ गुंडाळतो. ते चालेल. गेल्या थँक्सगिव्हिंगला त्याच्या आईने ‘हे शिल्प कोणाचं?’ असं विचारलं, तेव्हा तो ‘टेसचं’, म्हणजे माझं, म्हणाला आणि पुढे काही बोलला नाही. या एका उत्तरासाठी फ्रीजरमधलं हरणाचं सगळं मांसही त्यालाच द्यावं.

कलम २. गाडी. १९६९ची शेव्हेल, निळी, निदान एके काळी निळी. १९९६ साली मी आणि माझा भाऊ लेनर्ड लुबान्स्की ऊर्फ लेनी, आम्ही दोघांनी मिळून ती काकाकडून घेतली. कागदावर दोघांची नावं आहेत. अर्धी माझी, अर्धी त्याची. कोणता अर्धा कोणाचा हे कधी ठरलं नाही. लेनीच्या मते पुढचा त्याचा, कारण पुढे इंजिन असतं. माझ्या मते इंजिन अकरा वर्षं गाडीच्या पुढच्या भागात नाहीच. ते माझ्या गॅरेजात, जेवणाच्या खोलीत आणि कॉफीच्या चौदा डब्यांत आहे. माझा जो काही अर्धा असेल तो, इंजिनाच्या सर्व भागांसह आणि या सहाही वह्यांसह, लेनीला मिळावा.

हे लिहिताना हात अडखळला, त्याचं कारण नोंदवते. माझी योजना पूर्ण आहे. शर्यतीचं नव्हे, रस्त्यावर चालणारं, पण अंगात दम असलेलं इंजिन. प्रत्येक बोल्ट किती आवळायचा हे लिहिलेलं आहे. फक्त एक ओळ रिकामी आहे, कॅमशाफ्टची. आणि कॅम ठरल्याशिवाय पुढचं काहीच मागवता येत नाही. व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे हे तो दांडा ठरवतो. पिस्टनचा दाब, कार्बोरेटर, मागच्या चाकांचे गिअर, सगळे त्याच्या तोंडाकडे बघून घ्यायचे असतात. म्हणजे मी गुरुवारी गेले, तर ती ओळ लेनी भरणार. आणि लेनी कोणता आकडा भरील हे या गावात सगळ्यांना माहीत आहे, कारण १९९८ साली सगळ्यांनी ते पाहिलं आहे. तेव्हा हे मृत्युपत्र संपण्याआधी ती ओळ मला भरावी लागेल.

ती कलम ८ मध्ये भरीन.

कलम ३. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धड. तो गॅरेजात फुलाफुलांच्या चादरीखाली आहे. मशिन शॉपमध्ये सिलिंडरची भोकं इंचाच्या तीस सहस्रांशाने वाढवावीत, जास्त नाही. वरचा माथा घासून सपाट करायला सांगतील, तेव्हा एक माणूस तिथे प्रत्यक्ष उभा असावा. पुढच्या उजव्या कोपऱ्यावर कारखान्यात ठोकलेला क्रमांक आहे. माथा घासताना तो क्रमांक गेला, की ही गाडी जन्मदाखला हरवलेल्या माणसासारखी होते. ती चालेल, धावेल, पण ती तीच आहे हे कोणी मान्य करणार नाही. आमच्या ओळखीत दोघांनी असे क्रमांक घालवले आहेत. दोघेही त्या दिवशी फक्त कॉफी आणायला बाहेर गेले होते. कॉफी आधी प्यावी.

कलम ४. डबे. चौदा डब्यांवर माझ्या अक्षरात चिठ्ठ्या आहेत. नवव्या डब्यात दोन बोल्ट जास्त आहेत. ते या इंजिनाचे नाहीत. कशाचे आहेत मला माहीत नाही. अकरा वर्षं मी ते माहीत असल्याचं नाटक केलं, ते इथे कबूल करते. कर्टिसच्या गवत कापायच्या यंत्राचा तेव्हापासून खडखडाट होतो, याचा संबंध असेल किंवा नसेल.

कलम ५. हत्यारं. बोल्ट मोजून आवळायचा टॉर्क पाना आणि मायक्रोमीटरची पेटी शेजारच्या मिसेस व्हर्ना टिबिट्स यांना द्यावी. त्यांनी इंजिनाच्या कारखान्यात एकतीस वर्षं बेअरिंगं बसवली. मला मायक्रोमीटर धरायला त्यांनीच शिकवलं, तेही माझ्या मनगटावर पेन्सिल मारून. बाकी सर्व पाने-पकडी लेनीला. टॉर्क पाना मात्र लेनीच्या हाती कोणत्याही परिस्थितीत जाऊ नये. २००९ साली त्याने गंजलेल्या चाकाचे नट सोडवायला तो वापरला, वर त्यावर उभा राहून उड्या मारल्या. मी क्षमा केली आहे. पाना पुन्हा तपासून आणावा लागला ते विसरलेले नाही.

कलम ६. इंजिनाचा हेतू. पुढे वाद होऊ नयेत म्हणून स्पष्ट लिहिते. ही गाडी थंडीत दुसऱ्या प्रयत्नात सुरू व्हावी. पंपावरच्या साध्या पेट्रोलवर चालावी, म्हणून दाबाचं प्रमाण साडेनऊच्या आसपास असावं. औषधाच्या दुकानात गाडीत बसूनच औषध घेतात, त्या खिडकीपुढे तिला रांगेत उभं राहता यावं. लाल दिव्याला थांबावी. हे शेवटचं मी दोनदा अधोरेखित केलं आहे.

कलम ७. मनातले डंख. इंटरनेटवरच्या इंजिनवाल्यांच्या चर्चेत ‘मोठाब्लॉक६९’ नावाचा एक गृहस्थ आहे. मी पिस्टनच्या फटीबद्दल प्रश्न विचारला, तेव्हा त्याने लिहिलं, ‘राणी, नवऱ्याला विचार.’ मी नवऱ्याला विचारलं. कर्टिस म्हणाला, ‘कसली फट?’ त्या चर्चेत एकूण दोनशे बारा उत्तरं आली. ती मी छापून ठेवली आहेत, पाच पौंड भरतात. ती मोठाब्लॉक६९ यांना पोस्टाने, पोचपावतीसह पाठवावीत. त्याला बाकी काहीही मिळू नये.

हे कलम खोडावं का याचा अर्धा तास विचार केला. माणसाने जाताना मन स्वच्छ ठेवावं असं वाटतं. पण जाताना खरं बोलावं असंही वाटतं, आणि हे खरं आहे. राहू दे.

कलम ८. कॅम.

इथवर आले आणि लेनी आला. मध्ये जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे नंतर कोणी नाही म्हणायला नको.

दुपारचे चार वाजले होते. लेनी दारातूनच ओरडला, “मेलीस का?”

“गुरुवारी.”

“मग बुधवारपर्यंत गाडी कोणाची?” त्याच्या हातात सफरचंदाच्या रसातल्या डोनटची पिशवी होती. मला तळलेलं बंद आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने माझ्या वाटणीचंही समोर बसून खाल्लं, आणि प्रत्येक घासाला “तुझ्यासाठी” म्हणाला. तो बावन्न वर्षांचा आहे.

मागोमाग मिसेस टिबिट्स आल्या. साक्षीदार म्हणून मीच त्यांना बोलावलं होतं. त्यांना कलम ५ वाचून दाखवलं आणि म्हटलं, “आता अडचण अशी आहे, की तुम्ही सही केलीत तर पाना तुम्हाला देणं बरोबर दिसणार नाही.”

“मग आत्ता दे,” त्या म्हणाल्या. “मी एकाहत्तर वर्षांची आहे. तुझ्या मरणाची वाट बघत बसायला मला वेळ कुठे आहे?”

मी पाना आणि पेटी आणून दिली. त्यांनी पेटी उघडली, एक मायक्रोमीटर उजेडात धरला आणि “पुसत नाहीस वाटतं” एवढंच म्हणाल्या. तेव्हा कलम ५ चा पहिला भाग रद्द समजावा.

लेनीने वही ओढली. “बघू, मला काय मिळतंय. गाडी, ठीक. डबे, ठीक. कलम आठ, कॅम, आणि पुढे काहीच नाही. अगं प्राध्यापकीणबाई, अकरा वर्षं झाली! लोक एवढ्या वेळात दोनदा घटस्फोट घेतात.”

“आधी मला एक लिहायचं आहे,” मी म्हटलं, आणि त्यांच्या समोरच लिहिलं. ते असं :

मार्च १९९८ मध्ये लेनीने या गाडीत दोनशे साठ अंशांचा कॅम बसवला. रस्त्याच्या गाडीत हा आकडा म्हणजे वेडेपणा. व्हॉल्व्ह इतका वेळ उघडे राहतात, की इंजिन हळू चालताना ब्रेकच्या मदतीला लागणारा व्हॅक्यूम तयारच होत नाही. ईस्टरआधीच्या उपासांतल्या एका शुक्रवारी चर्चच्या आवारात मासे-जेवण होतं. आम्ही दोघं गाडीतून आलो. लेनीने ब्रेक दाबला, मग दोन्ही पायांनी दाबला. गाडी अगदी सावकाश, चालत्या माणसाच्या वेगाने, मंडपात शिरली आणि कोबीच्या कोशिंबिरीच्या टेबलावर जाऊन थांबली. कोणाला लागलं नाही. कोशिंबीर चाळीस पौंड होती. पाद्रींनी विचारलं, “हे कोणाचं डोकं?” लेनी म्हणाला, “माझं.” त्याने सहा शनिवार चर्चचं सभागृह धुतलं.

ते डोकं माझं होतं. त्या हिवाळ्यात लेनीने कॅटलॉग माझ्यापुढे धरून विचारलं होतं, ‘तू कॉलेजात आहेस, सांग यातला कुठला?’ मला कॅममधलं काही कळत नव्हतं. मी सर्वांत मोठ्या आकड्यावर बोट ठेवलं. त्यापुढे ‘फक्त शर्यतीसाठी’ असं लिहिलं होतं, ते मी वाचलं होतं. मी एकोणीस वर्षांची होते. सत्तावीस वर्षं मी लोकांना सांगत आले, की लेनीच्या हाती कॅम देऊ नका. मधल्या काळात मलाही ते खरं वाटायला लागलं. ती ओळ अकरा वर्षं रिकामी आहे, कारण माझ्या बोटावर माझा विश्वास नाही.

मी हे मोठ्याने वाचलं. लेनीने तोंडातला घास गिळला.

“खोड ते,” तो म्हणाला.

“खरं आहे, लेनी.”

“असेल. पण ती गोष्ट माझी आहे! सत्तावीस वर्षं सांगतोय. माझ्या आणि शॅरनच्या लग्नात सांगितली. शॅरनच्या बापाला आवडलेली माझी ती एकच गोष्ट आहे. आता काय सांगू? बहिणीने बोट ठेवलं आणि मी स्टिअरिंग धरून बसलो होतो?”

“तुला सहा शनिवार सभागृह धुवावं लागलं.”

“तो तर गोष्टीचा शेवट आहे. तिथे लोक टाळ्या वाजवतात.”

मिसेस टिबिट्स मायक्रोमीटर पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “सभागृह धुतलं कोणी?”

“मी.”

“मग कोशिंबीर तुझी. कॅम तिचा. मिटलं.”

लेनीने यावर बराच विचार केला आणि वाटणी कबूल केली. ही वाटणी यापुढे लेखी समजावी. मला वाटलं होतं तो चिडेल, किंवा मला माफ करील. दोन्हीची तयारी मी ठेवली होती. गोष्ट जाईल म्हणून घाबरेल, हे माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं.

“ठीक,” तो म्हणाला. “तुझ्या बोटाला भीती वाटते ना? मग या वेळी मी ठेवतो.” माझ्या टेबलावरचा नवा कॅटलॉग त्याने घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पान उलटत म्हणाला, “हा. दोनशे चौदा.”

“दोनशे चौदा?”

“छान आहे. लिहिलंय बघ, शांत, किफायतशीर. शॅरनची पाठ दुखते. आणि खरं सांगू, सकाळी मलाही आता आवाज सहन होत नाही.”

“दोनशे चौदा अंशांत ती शिवणयंत्रासारखी चालेल!” मी म्हटलं. म्हटलं म्हणजे ओरडले. टाक्यांच्या जागी कळ आली. टाके अजून पडायचे आहेत, म्हणजे ती पित्ताशयाची असावी. “मी काय भाजी आणायला जाण्यासाठी अकरा वर्षं बोल्ट मोजतेय? ती लाल दिव्यापाशी हलायला हवी, लेनी. गदग्, गदग्, आणि मध्ये एक ठोका चुकल्यासारखा, की आता बंद पडते आणि पडत नाही. शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच खाली करून विचारायला हवं, आत काय घातलंय!”

कर्टिस सूपची पळी घेऊन दारात आला होता, तो तसाच परत गेला.

“हं,” मिसेस टिबिट्स म्हणाल्या. “आता लिही.”

तेवढ्यात आमचे पोस्टमन ओडेल पायऱ्यांवर आले. दुसरा साक्षीदार हवाच होता, आणि मी त्यांना काही ठेवलेलं नाही, म्हणून त्यांना आत घेतलं. काय चाललंय हे सांगितलं, तर त्यांनी पत्रांची पिशवी खुर्चीवर ठेवून विचारलं, “गिअर हाताचे की ऑटोमॅटिक?”

“ऑटोमॅटिक.”

“मग दोनशे तीसच्या वर जाऊ नका, मॅडम. माझ्या मेव्हण्याने घातला होता. गाडी उभी असताना टॅक्सीसारखी पुढे रेटायची.”

या गावात मृत्युपत्रावर सही करायला आलेल्या माणसालाही कॅमबद्दल मत असतं. साक्षीदाराचं मत नोंदवलं आहे. स्वीकारलेलं नाही.

कलम ८, अंतिम. कॅम दोनशे छत्तीस अंशांचा असावा. हा आकडा मी कोणाच्या सल्ल्याने, कोणाला घाबरून किंवा कोणाच्या नावावर लिहिलेला नाही. तो थोडा जास्त आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून मला तो हवा आहे. ब्रेकसाठी विजेवर चालणारा स्वतंत्र व्हॅक्यूम पंप बसवावा, आणि गाडी सुरुवातीला एकही टेबल नसलेल्या जागी चालवून पाहावी. गाडी उभी असताना रेटू नये म्हणून इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला पोचवणारा कन्व्हर्टर त्या कॅमला साजेसा, थोडा सैल घ्यावा. बाकी भागांचे आकडे चौथ्या वहीत, पान एकोणतीसवर, दोनशे छत्तीसच्या रकान्यात आहेत. त्या पानावर नऊ रकाने आहेत. इतर आठ मी आज तांबड्या शाईने खोडले.

मी मेले तर लेनीने हेच इंजिन याच आकड्यांनी बांधावं. दोनशे चौदा बसवल्यास गाडीवरचा त्याचा हक्क संपून ती ओडेल यांच्या मेव्हण्याला जावी.

हे वाचून दाखवल्यावर लेनी म्हणाला, “मान्य. आणि मेली नाहीस तर?”

“म्हणजे?”

“मेलीस तर मी बांधायचं, हे लिहिलंयस. शुक्रवारी सूप पीत घरी बसलीस, तर कोणी बांधायचं ते कुठे लिहिलंय?”

मी पत्रक पुन्हा पाहिलं. त्याबद्दल त्यात काही नाही. मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं. डॉक्टर म्हणतात यात कोणी मरत नाही. तेव्हा बहुतेक करून वरची सगळी कलमं निरुपयोगी ठरतील, आणि दोनशे छत्तीस हा आकडा माझ्याबरोबर जिवंत राहील. इतका वेळ मला मरणाची भीती वाटते असं मी समजत होते. नीट पाहिलं, तर ती शुक्रवारची होती.

मिसेस टिबिट्स म्हणाल्या, “सही कर. मला घरी जाऊन हे सगळे मायक्रोमीटर पुसायचे आहेत.”

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोन ठिकाणी खोडून पुन्हा तोच लिहिला.

सही : टेरेसा ॲन हॅच

आमच्यासमोर सही झाली. बाई शुद्धीवर होत्या, आवाज मोठा होता.

साक्षीदार १ : व्हर्ना टिबिट्स, निवृत्त, इंजिन कारखाना

साक्षीदार २ : ओडेल ग्रीअर, टपाल खातं (दोनशे तीस)

स्थळ : जेवणाची खोली, ओवोसो, मिशिगन
दिनांक : १४ ऑक्टोबर २०२५

उद्या : आठ वाजता कॅमवाल्यांचं दुकान उघडताच फोन करून दोनशे छत्तीस मागवणे.